जरा इको द्या

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे इकोकाका म्हणतात. त्यांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर छापून येतं, तेवढाच त्याचा उपयोग. नव्याने राहायला आलेल्या एका बाईंचा समज झाला की काका पर्यावरणवाले आहेत. त्यांनी लिफ्टमध्ये गाठून ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं म्हणून विचारलंही. काका शांतपणे म्हणाले, "ते मला माहीत नाही. पण तुमचा आवाज छान आहे. थोडा इको दिला तर फार खुलेल."

निवृत्त झाल्यावर पूर्वी माणसं ज्ञानेश्वरी तरी हातात घ्यायची, नाहीतर शेअर्स तरी. आता कराओके घेतात. कोथरूड, डोंबिवली, ठाणे, नाशिक, कुठेही जा. संध्याकाळी साडेपाचला एखाद्या बंद खिडकीमागे साठी ओलांडलेला कुणीतरी रफीसाहेबांच्या मागे धापा टाकत धावत असतो. इकोकाका याच जातीचे, पण वरच्या श्रेणीतले. बाकीचे गाण्याचा रियाझ करतात, काका माइकचा रियाझ करतात. "गाणं काय, कुणालाही येतं," असं त्यांचं स्पष्ट मत आहे. "माइक यावा लागतो."

काकांची सगळी नोकरी एका बँकेच्या काउंटरवर गेली. समोर काच, काचेला खाली अर्धगोल भोक, आणि पलीकडे त्या भोकाला कान लावून वाकलेला ग्राहक. "काय म्हणालात?" हा प्रश्न त्यांनी नोकरीत जितक्या वेळा ऐकला त्याच्या निम्म्यानेही 'थँक्यू' ऐकलं नसेल. मुळात आवाज बारीक, त्यात काच आडवी. घरी काकूंचा आवाज असा, की त्या कुजबुजल्या तरी कुकरची शिट्टी मागे पडते. तेव्हा तिथेही संधी नव्हती. निवृत्तीच्या निरोप समारंभात मॅनेजरांनी हातात माइक दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले. काका म्हणाले, "मी सर्वांचा आभारी आहे." ते वाक्य हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आलं. आपण बोललेलं कुणीतरी आपल्याला परत आणून देतंय, हा अनुभव त्यांना नवा होता. मग ते खाली उतरेचनात. सगळ्या शाखांची, सगळ्या शिपायांची नावं घेऊन आभार झाले. शेवटी लोकांनी पंगती सुरू केल्या.

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी, हा २००० सालचा नियम काकांना तोंडपाठ आहे. त्यामुळे त्यांचा रियाझ सहा वाजून एका मिनिटाने सुरू होतो. आधी कपाटाची दोन्ही दारं उघडायची. आत टांगलेल्या साड्या आणि कोट खोलीतला गुंजारव शोषून घेतात, आणि हे अगदी खरं आहे. काकूंचा शालू अलीकडे लग्नाला कमी आणि रेकॉर्डिंगला जास्त कामी आलाय. एकीकडे कपाट उघडून खोलीतला इको मारायचा आणि दुसरीकडे बटण पिळून यंत्रातला वाढवायचा, यात काकांना विसंगती दिसत नाही. "तो फुकटचा इको," ते म्हणतात, "हा आपला."

मग उशाशी ठेवलेला राखाडी लोकरीचा पायमोजा निघतो. त्यात माइक. जोडीतला दुसरा मोजा हरवलेला नाही, त्यात वायर असते. माइकच्या जाळीला डाव्या बाजूला एक पोचा आहे. तो पहिल्या जाहीर कार्यक्रमातला. गाणं संपल्यावर काकांनी भारावून दोन्ही हात जोडले, तेव्हा माइक कुठे ठेवायचा हे ठरलेलं नव्हतं. जाळीच्या आतल्या स्पंजाला लवंग, ज्येष्ठमध आणि खोकल्याची गोळी यांचा मिळून एक वास येतो. करोनानंतर त्यात सॅनिटायझरची भर पडली. दुसऱ्याच्या माइकला तोंड लावायचं नाही आणि आपला कुणाला द्यायचा नाही, हे सोवळं काका तेव्हापासून कडक पाळतात.

षड्ज लावण्याआधी जाळीवर दोनदा बोट आपटायचं, एक फुंकर मारायची, मग "हॅलो, हॅलो, चेक, वन, टू." थ्री ते कधीच म्हणत नाहीत. मोठी माणसं टूवर थांबतात, असं त्यांचं निरीक्षण आहे. हा आलाप बराच चालतो. मग कोमट पाणी. मग कालच्यापेक्षा आज घसा जड आहे, अशी स्वयंपाकघराला सूचना. मग वेळ उरला तर गाणं.

माइक श्युअर कंपनीचा, एसएम ५८. १९६६ साली बाजारात आलेलं हे मॉडेल अजून जगभरच्या रंगमंचांवर दिसतं, आणि त्याच्या जितक्या नकला निघाल्या तितक्या लताबाईंच्याही निघाल्या नसतील. काकांनी तो बुधवारात, तपकीर गल्लीतून आणला. दुकानदार म्हणाला, "ओरिजनलच समजा." काका तेव्हापासून समजतायत.

या जातीच्या माइकची एक खोड आहे. तोंड जाळीला जवळपास टेकवलं की आवाजातला खालचा भाग फुगतो आणि बारीक माणूससुद्धा भारदस्त ऐकू येतो. भौतिकशास्त्राला याचं कारण ठाऊक आहे, निवेदकांना त्याचा उपयोग ठाऊक आहे, काकांना मात्र तो साक्षात्कार वाटला. पहाटे उठून मंद्रातला 'सा' धरून बसायचं, खर्ज भरायचा, यात लोकांची उमेदीची वर्षं जातात. "तोच खर्ज मला दोन इंचांत मिळतो," काका म्हणतात. दोन इंचांवर खर्ज, सहा इंचांवर मध्य सप्तक, आणि तार सप्तकाला हात लांब करून माइक पार खिडकीपाशी. वरच्या ओळींना काकांचं तोंड आणि काकांचा माइक यांच्यात इतकं अंतर पडतं, की त्यांचं काही बिनसलं असावं असं वाटतं. काकांना तार षड्ज लागतो की नाही, हे या अंतरामुळेच आजवर गुप्त राहिलं. गाणं मात्र नेहमी मूळ पट्टीत. ट्रॅक 'मायनस टू' करून घेणाऱ्यांकडे ते बँकेत थकबाकीदारांकडे बघायचे तसं बघतात.

गाऊन झालं की ते मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं ऐकतात, आणि ऐकून झालं की मोबाइल बदलायचं मनावर घेतात. यात त्यांचा दोष नाही. आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून येताना भरीव होऊन येतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा भाग गळतो, म्हणून स्वतःचा आवाज कुणालाही पातळ आणि परका वाटतो. मी हे काकांना सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "हा हाडांचा इफेक्ट कुठल्या ॲपमध्ये मिळतो?"

मध्यंतरी जावयाने बिनतारी हेडफोन दिले. ब्लूटूथवरून गाणं कानापर्यंत पोचायला सेकंदाचा एक बारीकसा तुकडा जास्त लागतो. नुसतं ऐकताना तो जाणवत नाही, पण त्यावर गाऊन ॲपमध्ये रेकॉर्ड केलं की ताल एका गावाला आणि गायक दुसऱ्या. काकांनी यावर स्वतःच तोडगा काढला आणि अर्धी मात्रा आधी गायला लागले. पुढे हेडफोनच्या बॅटऱ्या संपल्या, ते खणात पडले, सवय राहिली. आता काका ट्रॅकमधल्या तबलजीच्या आधी समेवर पोचतात आणि तो येईपर्यंत थांबतात.

काकूंच्या आग्रहाने त्यांनी गाण्याची शिकवणीही लावली होती. बाई सदाशिव पेठेतल्या, विशारद, बोलायला गोड आणि शिकवायला कडक. पहिले तीन महिने माइकला हात लावायचा नाही, ही त्यांची अट. काळी एकमध्ये तानपुरा सुरू करून बाई म्हणाल्या, "हं, लावा सा." काकांचा उजवा हात मूठ होऊन हनुवटीखाली आला. बाई म्हणाल्या, "हात खाली." हात खाली गेला तसा आवाजही गेला. मूठ वर आली की आवाज यायचा, खाली गेली की बंद. असा खेळ दोन-तीन तासांना झाल्यावर बाईंनी तडजोड केली. माइक हातात धरा, पण बटण बंद. मग काकांची नवी अडचण.

"बाई, मला माझा आवाजच येत नाहीये."

"येतोय तो तुमचाच आहे."

काकांनी थोडा वेळ तो ऐकला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा गुडघा दुखायला लागला. बाईंचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि वाड्याला लिफ्ट नाही.

मला विचाराल तर बाईंचं बरोबर होतं. श्वास कुठे तुटतो, सूर कुठे खाली बसतो, हे कोऱ्या आवाजातच कळतं. इको या गोष्टीचा धंदाच मुळी झाकण्याचा. पण काकांचंही सगळंच खोटं नाही. 'प' आणि 'फ' म्हणताना जाळीवर फुंकर बसू नये म्हणून तोंड किंचित तिरपं करायचं, जाळी मुठीत आवळायची नाही, हळू ओळीला जवळ यायचं, हीसुद्धा विद्याच आहे, आणि आयुष्यभर नुसत्या तानपुऱ्यावर बसलेला गवई पहिल्यांदा माइकसमोर आला की ती न येण्याने फजीत होतो. काकांना यातली निम्मी विद्या येते. उरलेली निम्मी, म्हणजे गाणं, राहिलंय.

त्यांच्या क्लबाचा कार्यक्रम महिन्यातून एकदा. सभागृह छोटं, गाण्यामागे वर्गणी, चहा-वडा त्यातच. श्रोते असे वेगळे नसतात. गाऊन झालेले आणि गायचे राहिलेले, असे दोनच वर्ग. पहिले चहाला गेलेले असतात, दुसरे मान खाली घालून मोबाइलवर शब्द पाठ करत असतात. सुरुवातीला काका कराओकेच्या जनकाचं स्मरण करतात. जपानात कोबे शहरी दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली हे यंत्र तयार केलं, बारवाल्यांना भाड्याने दिलं, आणि पेटंट मात्र घेतलं नाही. "देवमाणूस!" असं म्हणताना काकांचा आवाज दोन इंचांवरून गहिवरतो. पुढे २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, असंही काका सांगतात. ते मिळालं इग नोबेल, म्हणजे आधी हसू यावं आणि मग विचार करावा अशा कामगिरीला थट्टेने दिलं जाणारं. काका 'इग' गाळतात. माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवण्याचा नवा मार्ग काढल्याबद्दल ते दिलं गेलं, हा तपशील मात्र गाळत नाहीत. यावर सभागृहात कुणी हसत नाही. प्रत्येक जण स्वतःला सहन करणाऱ्यांत धरतो.

मिक्सरवर एक विशीतला मुलगा असतो. काका प्रत्येक कडव्यानंतर त्याच्याकडे बघून म्हणतात, "जरा इको द्या." मुलगा तत्परतेने एक बटण उजवीकडे पिळतो. काका पुढची ओळ म्हणतात, डोळे मिटतात आणि अंगठा वर करतात. "आता कसं!" ते बटण रिकाम्या चॅनलचं आहे, त्याला काहीही जोडलेलं नाही. "काकांसाठीच ठेवलंय," मुलाने मला वड्याचा तुकडा मोडता मोडता सांगितलं. "खरा दिला तर एक ओळ विझायच्या आत दुसरी तिच्या डोक्यावर बसते. मग तेच म्हणतात, शब्द कळत नाहीत."

हे सगळं सोसायटीने किती दिवस ऐकून घ्यावं? शेवटी विशेष सभा बोलावली गेली. विषय एकच, ध्वनिप्रदूषण. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, हे सेक्रेटरींनी वाचून दाखवलं आणि सगळा जथा काकांच्या बंद दारापाशी गेला. आत नमुन्यादाखल गाणं चालू होतं. सेक्रेटरींनी मोबाइलवरचं मापनयंत्र दाराला लावलं. ५२. काका कायद्याने सुटले. परत येताना कुणीतरी सहज म्हणून तेच सेक्रेटरींच्या दारापाशी धरलं. आत घरगुती चर्चा चालू होती. ७१. सभा तिथेच तहकूब झाली.

पण त्याच सभेत काकांवर खरा वार झाला तो अण्णांकडून. अण्णा तळमजल्यावर राहतात. ऐंशी उलटलेली, कुडी मूठभर, आवाज मात्र असा की तळमजल्यावरून हाक मारली तर दूधवाला चौथ्या मजल्यावरून खाली येतो. तरुणपणी हौशी मंडळींच्या नाटकांत पदं म्हटलेली, आणि ती म्हणायची हुक्की अजून येते. ते उभे राहिले आणि म्हणाले, "आवाज किती, हा प्रश्नच नाही. आवाज कुणाचा, हा प्रश्न आहे. माइक ही कुबडी आहे, कुबडी!"

मग १९२१ आलं. अण्णा बोलायला लागले की ते येतंच. त्या वर्षी ८ जुलैला मुंबईत बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन कंपन्या एकत्र आलेल्या, बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर, माणसांनी ओसंडणारं थिएटर आणि माइक नावाची वस्तू नाही. "शेवटच्या रांगेत शब्द न् शब्द पोचत होता!" अण्णा हे अशा थाटात सांगतात, की पिटात तुमच्या शेजारी कोण बसलं होतं असं विचारावंसं वाटावं. अण्णांचा जन्म त्या प्रयोगानंतर बावीस वर्षांनी झाला.

तरी मुद्दा हवेतला नाही. ऑपेरा गाणाऱ्यांचे आवाज मोजून बघणाऱ्यांना असं आढळलंय, की कसलेल्या पुरुषी गळ्याची ताकद तीन हजार हर्ट्झच्या आसपास एकवटते. माणसाचा कान नेमका त्याच पट्ट्यात तिखट असतो, आणि वाद्यमेळाचा जोर तिथे ओसरलेला असतो. त्यामुळे एकटा माणूस सगळ्या वाद्यांच्या डोक्यावरून थेट गॅलरीत ऐकू जातो. अण्णांना हर्ट्झ माहीत नाहीत. ते म्हणतात, "आवाज वरच्या दातांच्या मागे लागला पाहिजे. मग त्याचं तो चालतो, आपण ढकलायचा नसतो."

काकांनी प्रत्युत्तराला तलत महमूद काढले. "अण्णा, तो गळ्यातला कंप माइकवाचून दुसऱ्या रांगेत तरी पोचला असता का?"

"तलत सिनेमातला. सिनेमाचं मला सांगू नकोस."

"बरं, गीतरामायण? १९५५, पुणे आकाशवाणी. बाबूजी माइकसमोरच उभे होते ना?"

अण्णा गप्प झाले. त्या साली ते बारा वर्षांचे होते आणि शेजाऱ्यांच्या रेडिओला हार घालायचं काम त्यांच्याकडे होतं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तो रेडिओ. रेडिओ वेगळा." आणि जाता जाता गणपतीतल्या कार्यक्रमात आपण माइकशिवाय गाऊन दाखवणार, असं जाहीर करून गेले.

गणपतीत मांडव पार्किंगमध्ये असतो. दोन बाजूंना उभे पंखे, मागे जनरेटर, फाटकाबाहेर पीएमपीच्या बसचा थांबा. आधी काकांचं गाणं झालं, त्याबद्दल काय लिहायचं? मग अण्णा उठले. त्यांच्या हुकमाने मिक्सर बंद झाला, स्पीकरच्या वायरी काढल्या गेल्या, काकांचा माइक सगळ्यांदेखत पायमोज्यात गेला. डोक्याला उपरणं गुंडाळलेले अण्णा नुसत्या पेटीवर गायला लागले, आणि खरं सांगायचं तर पहिल्या पाच-सहा रांगांत माणसं सावरून बसली. मागे पंख्यांचं राज्य होतं. तरीही आवाजाची एक धार त्यातूनही येत होती. अण्णा रंगात आले, जुन्या ढबीने उजवा हात कानावर नेला आणि तान घेतली.

शिट्टी बसली. बारीक, टोकदार, दातांत शिरणारी.

सगळा मांडव काकांकडे वळला. काकांनी पायमोजा उंच धरून दाखवला. मिक्सरवाल्या मुलाने दोन्ही हात वर केले. अण्णांना त्याचं काहीच नाही, ते गातच होते. हात खाली आला, शिट्टी थांबली. पुढच्या तानेला हात कानावर गेला, शिट्टी परत. पोरं खिदळायला लागली. काका उठले. माइक स्पीकरसमोर गेला की त्याने दिलेलंच तो पुन्हा घेतो, घेतलेलं पुन्हा देतो आणि त्या फेऱ्यातून शिट्टी जन्मते, हे शास्त्र त्यांच्याइतकं सोसायटीत कुणी भोगलेलं नाही. मान तिरपी करून ते डाव्या स्पीकरपाशी गेले, मग उजव्या, मग जनरेटरपाशी. शेवटी पेटीला वळसा घालून अण्णांच्या कानाशी येऊन थांबले.

"अण्णा, शिट्टी तुमच्याकडून येतेय."

"कसली शिट्टी? मला नाही ऐकू येत."

"तेच."

उपरण्याच्या कडेखाली, कानामागे, कातडीच्या रंगाचं एक इवलंसं मशीन होतं. दुसऱ्या कानामागेही. अण्णांच्या मुलाने घेऊन दिलेली, आणि घरच्यांखेरीज कुणालाही न सांगितलेली. हाताची ओंजळ कानावर गेली की मशीनमधून बाहेर गळणारा आवाज परत त्याच्याच माइकमध्ये शिरत होता. आणि जे स्वर अण्णांच्या कानांतून केव्हाच निघून गेले होते, त्याच स्वरांत ती शिट्टी होती. काकांच्या आयुष्यात सूड घ्यायला याहून चांगली संधी आली नसती, आणि माइकही मोज्यातून निघायला वेळ लागला नसता. काका वाकले आणि फक्त अण्णांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फीडबॅक आहे. कानातला साचा सैल झालाय. हात चार इंच लांब धरा आणि तान बिनधास्त घ्या." बँकेतला तो जुना आवाज अण्णांना एका दमात कसा ऐकू गेला, कोण जाणे. अण्णांनी हात चार इंच लांब धरला. पद पूर्ण झालं आणि वन्समोअरही आला.

पुढच्या आठवड्यात काका स्वतः रिक्षा करून अण्णांना श्रवणतपासणीला घेऊन गेले, मलाही बरोबर नेलं. तिथल्या मुलीने आलेख समोर ठेवून समजावलं. वयानुसार आधी वरचे, बारीक स्वर जातात; त्यांच्याबरोबर 'स', 'श', 'त', 'फ' असली अक्षरं धूसर होतात. हल्लीच्या गायकांचे शब्दच कळत नाहीत, ही अण्णांची तक्रार कित्येक वर्षांची. ते आलेखाकडे बघत राहिले, बोलले काही नाहीत. मग मुलीने मशीन उघडून आतला भाग दाखवला. समोरचं ऐकायला एक माइक, मागचं ऐकायला एक.

"म्हणजे एका कानाला दोन?" काकांनी विचारलं. "दोन्ही मिळून चार?" ते अण्णांकडे वळले. "अण्णा, मी एका माइकवर गातो. तुम्ही चार लावून माइकशिवाय गाता!"

"मी त्यात गात नाही," अण्णा म्हणाले. "मी त्यातून ऐकतो. तूही कधी बघ करून."

काकांना यावर काही सुचलं नाही. म्हणून त्यांनी मुलीला विचारलं, "यात थोडा इको देता येईल का?"

"आजोबा," ती म्हणाली, "इको फार होतो म्हणून तर लोक माझ्याकडे येतात."

नवे साचे बसले, मशीनचं गणित नव्याने लागलं आणि अण्णांना सगळंच ऐकू यायला लागलं. पिशवीची चुरचुर, स्वतःच्या चपला, सुनेचं फोनवरचं बोलणं. तार षड्जाचं ते गुपितही त्यांना पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आलं असणार, कारण एके सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी त्यांच्या खिडक्या धाडधाड लागल्या. काकांना ते काही बोलले नाहीत.

क्लबाच्या पुढच्या कार्यक्रमाला अण्णा आवर्जून आले. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. काकांचं नाव पुकारलं गेलं तसे त्यांनी सावकाश एक मशीन काढलं, मग दुसरं. दोन्ही डबीत ठेवली, डबीचं झाकण टचकन लावलं आणि डबी खिशात टाकली. मग हात मांडीवर ठेवून ते अख्खं गाणंभर प्रसन्न चेहऱ्याने मान डोलवत होते. माइक दोन इंचांवर आणि अर्धी मात्रा पुढे असलेल्या काकांनी हे स्टेजवरून पाहिलं. मला वाटलं, आता यांचं मन मोडलं.

कार्यक्रमानंतर वड्याच्या रांगेत त्यांनी माझा दंड पकडला. डोळे चमकत होते.

"बघितलंत ना? माझ्या गाण्याला अण्णांना मशीन लागतच नाही. याला म्हणतात प्रोजेक्शन!"